पुढच्या बाकावरची कबुली

विद्यापीठाने सासूबाईंना आणि सुनेला एकाच दिवशी, एकाच गुन्ह्यासाठी, एकसारखी शिक्षा सुनावली. तिसऱ्या वर्षाचा प्रशासनाचा पेपर रद्द आणि वर्षभर परीक्षेला बसायला बंदी. सासू आणि सून यांना इतक्या समान मापाने आजवर कोणी वागवलं नव्हतं, त्यामुळे आधी रडायचं कोणी हेही दोघींना कळेना.

गुन्हा कॉपीचा होता. आडनाव एकच असल्यामुळे परीक्षेचे नंबर लागोपाठ आले होते. सासूबाई पुढच्या बाकावर, सून त्यांच्या मागच्या. 'अधिकार आणि जबाबदारी यांचा संबंध उदाहरणासह स्पष्ट करा' या प्रश्नाला दोघींनी एका इमारतीच्या पाण्याच्या पंपाचं उदाहरण दिलं होतं. टाकी भरायची जबाबदारी वॉचमनची, पंपाच्या खोलीची किल्ली सेक्रेटरीच्या खिशात, आणि सेक्रेटरी आठवडाभर मुलीकडे. 'अशा वेळी टाकी कोरडी राहते आणि बोलणी वॉचमन खातो,' हे वाक्य दोन्ही पेपरांत स्वल्पविरामासकट होतं. त्यातही 'बोलणी'च्या जागी दोघींनी आधी 'शिव्या' लिहून मग तो शब्द खोडला होता. उत्तरं सारखी असलेले पेपर परीक्षकांनी पुष्कळ पाहिले होते, पण खाडाखोड सारखी असलेले पाहिले नव्हते. त्यांनी दोन्ही पेपर दोरीने बांधून गैरप्रकार समितीकडे पाठवून दिले.

समितीने दोघींना एकदम बोलावलं. खोलीत रिकामी खुर्ची एकच होती. ती वयाचा मान म्हणून सासूबाईंना मिळाली आणि सगळे प्रश्नही मग खुर्चीवर बसलेल्या बाईंनाच विचारले गेले. सून भिंतीला टेकून उभी होती. शेवटी 'तुमचंही हेच म्हणणं ना?' असं कोणीतरी तिला विचारलं आणि ती उत्तर देणार तोच चहा आला. निकालपत्रात लिहिलं होतं की कोणी कोणाचं पाहिलं हे ठरवता येत नसल्याने दोघींनी एकमेकींचं पाहिलं असं समिती मानते.

"मग मुळात लिहिलं कोणी?" असं मुलाने, म्हणजे सुनेच्या नवऱ्याने, जेवताना विचारलं. तो लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत होता आणि कोणतीही वस्तू का बंद पडली हे शोधून काढायची त्याला सवय होती. उत्तर मिळालं नाही तेव्हा तो उठून हॉलमधल्या माशांच्या टाकीसमोर जाऊन बसला. घरात वातावरण तापलं की तो तिथेच बसत असे.

खरी गोष्ट साधी होती. सासूबाईंनी उभा जन्म टेलिफोन एक्सचेंजमध्ये काढला होता. ऑपरेटर म्हणून काम करताना अर्ध्या गावाचे नंबर त्यांना तोंडपाठ होते, कारण कानावर पडलेली गोष्ट त्यांच्या डोक्यातून जातच नसे. लग्नापायी कॉलेज अर्धवट सुटल्याची रुखरुख मात्र गेली नव्हती. सुनेने नोकरी सांभाळून पदवी पूर्ण करायचं ठरवलं तेव्हा, "दोघींची फी एकदमच भर, तुझी एक चक्कर वाचेल," एवढंच त्या म्हणाल्या, आणि सुनेला सगळं समजलं. सासूबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. परीक्षा होऊन निकाल लागल्याशिवाय ऑपरेशन करायचं नाही असा त्यांचा हट्ट होता. म्हणून रोज संध्याकाळी सून पुस्तक मोठ्याने वाची. सासूबाई कपड्यांच्या घड्या घालत डोळे मिटून ऐकत आणि वाचून झालं की घडाघडा परत म्हणून दाखवत. सुनेला वाचलेलं लक्षात राहत नसे, पण सासूबाईंनी म्हटलेलं पक्कं राही. असा सगळा अभ्यास आधी एकीच्या तोंडून दुसरीच्या कानात आणि मग उलट दिशेने झाला होता. पंप त्यांच्याच इमारतीचा होता. 'शिव्या' हा शब्द बरा दिसणार नाही, अशी चर्चाही आधीच झाली होती. दोघींच्याही ते लिहून झाल्यावर लक्षात आलं.

हे सगळं सासूबाईंनी समितीला सांगितलं होतं. समितीने ते टिपूनही घेतलं होतं आणि पुढे शेरा मारला होता, 'सासू व सून अनेक महिने रोज शेजारी बसून अभ्यास करीत, हे म्हणणे पटण्यासारखे नाही.'

सुनेच्या दृष्टीने हा नुसता मानापमानाचा प्रश्न नव्हता. इस्पितळाच्या नोंदणीच्या खिडकीवर ती लग्नाआधीपासून हंगामी होती. दर सहा महिन्यांनी नोकरी संपायची आणि दर सहा महिन्यांनी ती हात जोडून पुन्हा मागायची. आता तिथेच पर्यवेक्षकाची कायमची जागा निघाली होती. काम सगळं तिला येत होतं, फक्त पदवी हवी होती. अधीक्षक माणूस भला होता. "महिनाअखेरपर्यंत जागा धरून ठेवतो," असं तो म्हणाला होता. "त्यानंतर वरून कोणी पाठवला तर माझ्या हातात काही नाही." निकाल लागून पदवी पदरात पडणार अशा खात्रीने सुनेने घरातल्या सगळ्यांना जेवायला बाहेर नेलं होतं, आणि त्याच्या दुसऱ्याच दिवशी शिक्षेचा कागद आला होता.

दोघी अपील करायला विद्यापीठात गेल्या. अपिलाच्या खिडकीवरचा कारकून चेहऱ्यावरची रेषही हलू न देता बोलणारा होता. त्याने सांगितलं की अपील तीनच कारणांवर करता येतं. आधी माहीत नसलेला नवा पुरावा, चौकशीच्या पद्धतीत झालेली चूक, किंवा गुन्ह्याच्या मानाने शिक्षा जास्त असणं.

"पण आम्ही केलंच नाही," सून म्हणाली.

"ते यात बसत नाही," कारकून म्हणाला. "न केलेले लोक इथे रोज येतात."

सुनेने विचार करून दुसरं कारण निवडलं. मला एकही प्रश्न विचारला गेला नाही, चौकशी खुर्चीवरच्या व्यक्तीची झाली आणि शिक्षा भिंतीजवळच्या व्यक्तीलाही झाली, असं तिने नीट मुद्देसूद लिहिलं. कारकुनाने ते वाचलं आणि शिक्का मारताना तो किंचित थबकला. हे चालण्यासारखं आहे असं तो म्हणाला नाही, पण सुनावणी महिना संपायच्या आत लागेल असं आपणहून म्हणाला.

एवढ्यावर सगळं थांबतं तर बरं झालं असतं. पण सासूबाईंचं मन थाऱ्यावर नव्हतं. अपिलात काय होईल ते होईल, त्यात पोरीची जागा गेली तर? आपल्यामुळे गेली असंच होईल. आपण हौसेने मध्ये घुसलो नसतो तर तिचा नंबर आपल्या मागे आलाच नसता. आणि आपल्याला पदवी हवीय कशाला? एक्सचेंज काय पुन्हा सुरू होणार आहे? हे त्यांनी स्वतःला इतक्या वेळा बजावलं की शेवटी त्यात कुठेतरी खोट आहे हे त्यांच्याही लक्षात आलं. तरी त्या उठल्या, चष्म्याची काडी बसवून आणते असं सांगून घराबाहेर पडल्या आणि थेट अपिलाच्या खिडकीवर पोचल्या.

त्यांनी आणलेल्या कागदावर दोन ओळी होत्या. परीक्षेत मी सुनेचा पेपर पाहून लिहिलं. तिला यातलं काही माहीत नव्हतं.

कारकुनाने कागद दोनदा वाचला. "बाई, हे अपील आहे. यात लोक आपण केलं नाही असं सांगतात."

"केलं असं सांगायची वेगळी खिडकी आहे का?"

"नाही."

"मग घ्या इथेच."

कारकुनाने थोडा वेळ तीनही कारणं मनाशी तपासून पाहिली आणि कागद 'नवा पुरावा' या सदरात घेतला. सासूबाई हलक्या मनाने घरी आल्या. चष्म्याची काडी बसवायची राहूनच गेली होती, पण ती कोणी पाहिली नाही.

सुनावणीच्या दिवशी लांबलचक टेबलामागे तिघे बसले होते. मध्ये अध्यक्ष, रसायनशास्त्राचे प्राध्यापक. एका बाजूला कायदा शिकवणाऱ्या बाई. दुसऱ्या बाजूला गणिताचे सर. या वेळी खुर्च्या भरपूर होत्या. नियमाप्रमाणे प्रत्येकीला एक सोबती आणता येत होता, मात्र त्याने तोंड उघडायचं नव्हतं. मुलगा दोघींचाही सोबती म्हणून आला होता. कोणाच्या बाजूला बसावं हे त्याला ठरवता येईना. मग तो आपली खुर्ची उचलून दोघींच्या बरोबर मध्ये बसला.

अध्यक्षांनी फाईल उघडली आणि सासूबाईंची कबुली वाचून दाखवली.

सुनेचा चेहरा पांढराफटक पडला. "आई, हे काय?" एवढंच तिच्या तोंडून निघालं. सासूबाई समोर पाहत राहिल्या. समोरचे तिघे त्यांना ढगांसारखे दिसत होते, त्यामुळे धीर धरायला तसं सोपं जात होतं.

गणिताच्या सरांनी विचारलं, "तुम्ही तर पुढच्या बाकावर होतात."

"मान वळवली."

"किती वेळा?"

"लागेल तितक्या."

"पर्यवेक्षकांनी पाहिलं नाही?"

"ते मोबाइल पाहत होते," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या सगळ्या जबाबात हे एकच वाक्य खरं होतं, आणि कायद्याच्या बाईंनी नेमकं तेवढंच टिपून घेतलं.

गणिताचे सर उठले. त्यांनी एक कागद सासूबाईंच्या मागे, बाकाच्या अंतरावर ठेवलेल्या खुर्चीवर मांडला आणि मान वळवून वाचायला सांगितलं. सासूबाईंनी मान वळवली. आपलाच पेपर ठेवला असणार अशी त्यांची खात्री होती. त्यांनी डोळे बारीक करून वाचल्याचा आविर्भाव केला आणि सुरुवात केली. अधिकाराविना जबाबदारी म्हणजे काय, तिथपासून सेक्रेटरीच्या खिशापर्यंत, कुठेही न अडखळता, स्वल्पविरामाला योग्य तेवढं थांबत त्यांनी सगळं उत्तर म्हणून दाखवलं. सुनेने डोळे मिटून घेतले.

सर शांतपणे म्हणाले, "हे विद्यापीठाच्या बसचं वेळापत्रक आहे."

मग अध्यक्षांनी जाहीर केलं की या बाईंना बाकाच्या अंतरावरचं काहीच वाचता येत नाही, तेव्हा त्यांनी कॉपी केली असणं शक्य नाही, त्यांनी ती कितीही कबूल केली तरी. मुलाच्या चेहऱ्यावर हसू उमटलं. सासूबाई मात्र दचकल्या.

"तेवढ्याने भागत नाही," गणिताचे सर म्हणाले. "उत्तरं सारखी आहेत ती आहेतच. पुढची मागचं पाहू शकत नाही हे सिद्ध झालं. म्हणजे मागचीनेच पुढचं पाहिलं."

आतापर्यंत संशय दोघींत निम्मा निम्मा वाटलेला होता. सासूबाईंच्या मेहेरबानीने तो आता अख्खा सुनेच्या वाट्याला आला. शिवाय कायद्याच्या बाईंनी चष्मा काढून सांगितलं की समितीपुढे खोटा जबाब देणं हा स्वतंत्र गैरप्रकार आहे, त्याचाही विचार करावा लागेल. म्हणजे सकाळी घरातून निघताना दोघींवर मिळून एक आरोप होता, तो आता प्रत्येकीला स्वतंत्र झाला होता. ज्या पोरीला बाहेर काढायला त्यांनी हात दिला, तिलाच त्यांनी आत ढकललं होतं, आणि तेही साक्षीपुराव्यासकट. त्यांना रडू आलं, पण रडल्यावर खोटं वाटेल म्हणून त्यांनी ते आवरलं.

सून उभी राहिली. तिचा आवाज इस्पितळाच्या खिडकीवर रोज शेकडो माणसांना रांगेत उभं करणारा होता.

"मागच्या वेळी मला कोणी काही विचारलं नव्हतं," ती म्हणाली. "आज विचारा. आम्हाला दोघींना वेगळ्या खोल्यांत बसवा आणि तोच प्रश्न द्या. आत्ता, इथल्या इथे. आम्हाला एकमेकींशी बोलूही देऊ नका."

सरांनी घड्याळ पाहिलं. कायद्याच्या बाई म्हणाल्या की यात गैर काही नाही, उलट हे पहिल्याच समितीने करायला हवं होतं. सासूबाईंना घेऊन त्या एका खोलीत गेल्या, सुनेला घेऊन सर दुसऱ्या. मुलगा मधल्या खुर्चीवर एकटाच राहिला. त्याला कुठे जायचं हे कोणी सांगितलं नव्हतं आणि विचारायला त्याला परवानगी नव्हती.

आता दोघींनी पूर्वीचंच उत्तर जसंच्या तसं लिहिलं असतं तर वेगळ्या खोल्यांतून एकच उत्तर आलं असतं आणि सगळं तिथेच संपलं असतं. सुनेने हे डोक्यात धरूनच मागणी केली होती. पण कोरा कागद पुढे आला आणि तिच्या मनात पाल चुकचुकली. उत्तर पुन्हा सारखं आलं, तर दोघी पाठ करून आल्यात असं म्हणायला ते सर मोकळे. आणि आई तर पंपच लिहिणार, त्यांना दुसरं सुचायचं नाही. तेव्हा पंप त्यांना राहू दे, आपण वेगळं काहीतरी लिहावं.

पलीकडच्या खोलीत सासूबाई नाक कागदाला टेकवून विचार करत होत्या. सारखेपणानेच पोरीचा घात झाला. ती बिचारी पंप लिहील, तिचा तो हक्कच आहे. आपण पंपाचं नावही काढायचं नाही. पण मग उदाहरण द्यायचं कशाचं? त्यांनी पेन उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. एक उदाहरण मनात होतं, पण घरातलं होतं आणि घरात कोणापाशी बोलण्यासारखं नव्हतं. सुनेपाशी तर नाहीच नाही. आपल्या पोटच्या पोराचं गाऱ्हाणं सुनेपुढे गायचं नाही हे त्यांनी तिच्या लग्नाच्या दिवशीच ठरवलं होतं. इथे काय, कागद परक्या माणसांच्या हातात जाणार होता. त्यांनी लिहायला सुरुवात केली.

दोन्ही कागद अध्यक्षांपुढे आले. त्यांनी पहिला वाचला. दुसरा वाचला. मग पहिला पुन्हा उचलला आणि चष्मा पुसला.

"पंप नाही," ते म्हणाले.

"आता?" गणिताच्या सरांनी विचारलं.

"मासे."

अध्यक्षांनी सुनेचा कागद वाचायला घेतला. त्यांचा आवाज वर्गात सूत्रं सांगताना असावा तसा सपाट होता. 'एका घरातील कर्त्याने हौसेने मासे आणले. कोणते मासे आणावेत, टाकी कुठे ठेवावी, तिच्यातला दिवा कधी लावावा, हे सर्व अधिकार त्याच्याकडे आहेत. पाणी बदलण्याची जबाबदारी मात्र त्याने कोणावरही सोपवलेली नाही. हे काम घरातील सून रोज रात्रीची आवराआवर झाल्यावर गुपचूप करते. तिने ते न केल्यास सासूला, डोळ्यांना नीट दिसत नसताना, बादली उचलावी लागेल. कर्त्याला वाटते की पाणी आपोआप स्वच्छ राहते. मासे मरतात तेव्हा तो दुकानदाराशी भांडतो.'

सासूबाईंची मान हळूहळू सुनेकडे वळली. अध्यक्षांनी दुसरा कागद घेतला. सुरुवातीच्या ओळी थोड्याफार त्याच होत्या. फक्त पुढे लिहिलं होतं, 'हे काम घरातील सासू रोज सकाळी सगळे बाहेर पडल्यावर गुपचूप करते. तिने ते न केल्यास दिवसभर खिडकीवर उभ्या राहून आलेल्या सुनेला ते करावे लागेल. कर्त्याला वाटते की मासे मुळातच स्वच्छ असतात. मासे मरतात तेव्हा दोष दुकानदाराला मिळतो.'

"रोज दोनदा?" मुलगा खुर्चीवरून अर्धवट उठला. "रोज दोनदा पाणी बदलता तुम्ही? अगं, म्हणून मरतात ते. मी तीन दुकानं बदलली."

"सोबत्याने बोलायचं नसतं," अध्यक्ष म्हणाले, पण त्यांच्या स्वरात थोडी सहानुभूती होती. मुलगा बसला. त्याच्या दोन्ही बाजूंच्या बायका त्याच्या डोक्यावरून एकमेकींकडे पाहत होत्या आणि त्याच्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

गणिताच्या सरांना अजून पटत नव्हतं. उत्तर पुन्हा सारखं आलं आहे, तेव्हा या घरून ठरवून आल्या असणार, असं ते म्हणाले.

"सर," कायद्याच्या बाई म्हणाल्या, "ठरवून आल्या असत्या तर पाणी कोण बदलतं, हे तरी ठरवलं नसतं का?"

सरांनी दोन्ही कागद मागून घेतले. ओळीखाली ओळ धरून ते बराच वेळ पाहत राहिले आणि शेवटी त्यांनी ते न बोलता परत केले.

निर्णय तासाभराने सांगितला गेला. सुनेवरचा कॉपीचा आरोप रद्द, गुण जसेच्या तसे, निकाल या आठवड्यात. सुनेने टेबलाची कड घट्ट धरली आणि मान हलवली. सासूबाईंवरचाही कॉपीचा आरोप रद्द झाला. पण समितीपुढे खोटी कबुली दिल्याबद्दल त्यांचा तो पेपर रद्द राहील आणि त्यांना तो पुढच्या वर्षी पुन्हा द्यावा लागेल. अध्यक्षांनी हे वाचताना वर पाहिलं नाही. या शिक्षेविरुद्ध कुलगुरूंकडे अपील करता येईल, असंही त्यांनी नियमाप्रमाणे सांगितलं.

"करायचं नाही मला अपील," सासूबाई म्हणाल्या. "खोटं बोलले ते बोलले."

बाहेर आल्यावर मुलगा स्कूटर काढायला गेला. जाताना तो तोंडातल्या तोंडात माशांची नावं पुटपुटत होता. दोघी जिन्यापाशी उभ्या राहिल्या. सुनेला आनंद झाला होता आणि प्रचंड राग आला होता, आणि दोन्ही एकाच वेळी आल्यामुळे तिला बोलता येत नव्हतं.

"मला विचारायचं तरी," ती शेवटी म्हणाली.

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"मग? म्हणायलाच हवं होतं ना. तुमचं वर्ष गेलं, आई."

"वर्षाचं काय एवढं. मला काय करायचीय पदवी? भिंतीवर टांगायला? तुझी जागा राहिली, झालं." सासूबाई पायऱ्यांकडे पाहत म्हणाल्या. "आणि पाणी रात्री बदलत होतीस ते मला सांगितलं असतंस तर बादली तरी दोघींची एक झाली असती. चल आता."

सून जागची हलली नाही. पिशवी आत विसरले, घेऊन येते, असं म्हणून ती मागे वळली आणि भराभर चालत अपिलाच्या खिडकीवर गेली. कारकुनाने तिला ओळखलं. अभिनंदन वगैरे तो म्हणाला नाही. तिने कुलगुरूंकडच्या अपिलाचा कागद मागितला आणि उभ्याउभ्याच लिहायला घेतला. लिहून झाल्यावर तो तिने आत सरकवला.

"सही?" कारकुनाने विचारलं.

"सासूबाईंसाठी करतेय."

"दुसऱ्याचं अपील करता येत नाही. ज्याची शिक्षा त्याची सही." त्याने कागद तिच्याकडे सरकवला. "तुमच्या घरात हे एकदा कोणीतरी सगळ्यांना नीट समजावून सांगा."

"पिशवी तुझ्या खांद्यालाच आहे," मागून आवाज आला. सासूबाई भिंतीचा आधार घेत तिथवर आल्या होत्या. "काय लिहिलंस?"

"काही नाही."

"वाच."

सुनेने कागद परत घेतला. आजूबाजूला अपिलवाल्यांची रांग होती. हातात फाइली घेतलेली पोरं वैतागून पाहत होती. सासूबाईंनी डोळे मिटले. सून वाचू लागली. 'कारण तिसरे. शिक्षा कसुरीच्या मानाने जास्त आहे. मी एक वृद्ध गृहिणी असून खोटी कबुली देण्यात माझा स्वतःचा काही फायदा नव्हता. या वयात पदवीचा मला तसा काही उपयोग नाही, तथापि'

"थांब," सासूबाई म्हणाल्या. "'वृद्ध' काढ."

सुनेने शब्द खोडला.

"गृहिणी नाही. निवृत्त टेलिफोन ऑपरेटर."

तिने तेही केलं.

"आणि उपयोग नाही, हे कोणी सांगितलं तुला?"

"तुम्हीच आत्ता म्हणालात. जिन्यापाशी."

रांगेतल्या कोणीतरी घसा खाकरला.

"ते खोटं बोलले," त्या म्हणाल्या. "आजचं दुसरं. मला ती पदवी हवी आहे. पहिल्यापासून हवी होती. तसं लिही."

"'हवी आहे' हे तीन कारणांत बसत नाही," कारकून आतून म्हणाला.

"ठाऊक आहे. तरी लिही गं."

सुनेने लिहिलं. अक्षर जरा वेडंवाकडं आलं, कारण तिचे डोळे भरून आले होते आणि खिडकीची फळी अरुंद होती. सासूबाईंनी कागद घेतला, नाक टेकेल इतका जवळ धरला, सहीची जागा सुनेने बोटाने दाखवल्यावर सावकाश सही केली आणि तो स्वतःच्या हाताने आत दिला. कारकुनाने शेवटची ओळ वाचली. मग शिक्का उचलला आणि मारला.